टिनाच्या खोलीतली पावडर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी यवतमाळच्या बसस्टँडसमोर चहा पितो त्याच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मध्येच "जाऊ द्या हो सर" म्हणायला तुम्ही समोर बसलेले नाही. ते वाक्य मला सहन होत नाही. कुणी म्हटलं की डोकं फिरतं. का फिरतं, ते शेवटी कळेल तुम्हाला.

मी शाळामास्तर आहे. राळेगाव तालुक्यातलं एक गाव, त्याचं नाव नको. तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. राहतो यवतमाळला, आधी एसटीनं जायचो, आता मोटरसायकलनं जातो. दहावीला रासायनिक अभिक्रियांचा एक धडा आहे. अभिक्रियेचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, ते त्यात येतं. तापमान वाढलं की कण जोरात धावायला लागतात, एकमेकांवर जास्त वेळा आणि जास्त जोरानं आदळतात, आणि जे व्हायला एरवी आठवडे लागले असते ते भराभर होऊन जातं. दाबाचं पुस्तकात फारसं नाही. पण मी सांगतो — वायू दाबला की त्याचे कण जवळ येतात, टकरा वाढतात, वेग वाढतो. मग कुकरचं उदाहरण. दाबामुळे आतलं पाणी जास्त तापतं, म्हणून तुमच्या आईचं वरण लवकर होतं. पोरं खूश होतात.

हे मी फार चांगलं शिकवतो. बढाई नाही मारत. आरोप करतोय, स्वतःवर. ज्याला येत नाही तो चुकला तर चुकला, त्याला काय बोलणार? मला येत होतं. पाठ होतं, समजलेलं होतं, दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवत होतो. एका काचेच्या ग्लासात माठातलं पाणी, दुसऱ्यात गरम पाणी, दोन्हींत एकेक फसफसणारी गोळी. गरम पाण्यातली बघता बघता संपायची, माठातली रेंगाळायची. ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी पहिल्या बाकावर प्रज्ञा बसायची. गोळी संपेपर्यंत ती पापणी हलवायची नाही. तिचं लक्ष बघून मला शिकवायला चेव यायचा, हेही सांगून टाकतो.

प्रज्ञाचा बाप सुखदेव. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा माणूस. गावाच्या विहिरीवरची मोटर सुरू करणं, टाकी भरणं, आणि टाकीत टीसीएल पावडर टाकणं, हे त्याचं काम. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, खेड्यापाड्यांत तिला सगळे याच नावानं ओळखतात. तिच्यातला क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो. सुखदेव ती मापानं बादलीत घ्यायचा, पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायचा. एक दिवस चुकवायचा नाही. घरी लग्न असो की पोरगी आजारी असो, सकाळी हा माणूस टाकीच्या शिडीवर दिसायचाच.

आता ती पावडर ठेवायची कुठं? तर माझ्या प्रयोगशाळेत. पंचायतीची खोली गळायची, आणि आमच्या शाळेची इमारत जुनी, दगडी, हातभर जाड भिंतींची. माझी खोली उत्तरेला, खिडकीवर लिंबाची सावली. मे महिन्यात सगळा तालुका भाजून निघतो तेव्हाही त्या खोलीत पाय ठेवला की बरं वाटतं. कोपऱ्यात निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, घट्ट झाकणाचा. सुखदेव सकाळी यायचा, पावडर न्यायचा, झाकण लावून जायचा. कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि गावाला पाण्याचा त्रास म्हणून कधी झाला नव्हता.

मग मला कपाट मिळालं. हसाल तुम्ही. पण खरंच, या सगळ्याच्या मुळाशी एक लोखंडी कपाट आहे! संस्थेच्या मागे लागून लागून मी ते मिळवलं होतं, आणि सोबत एक नवा तराजू. पहिल्याच पावसाळ्यानंतर कपाटाच्या बिजागऱ्या लाल पडल्या. तराजूच्या पारड्यांवर ठिपके उमटले. ड्रम उघडला की थोडा क्लोरीन सुटतो, आणि तो लोखंड खातो. हेही मला येत होतंच. मला सगळंच येतं! मी चिडलो. माझं कपाट, माझा तराजू — आणि ही पंचायतीची घाण माझ्या खोलीत का?

मी ग्रामसेवकाला गाठून सांगितलं, हे इथून हलवा. सांगितलं म्हणजे तोंडी. माझे वडील आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, आजोबाही होते. आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी एक गोष्ट शिकवली जाते — काम तोंडी सांगून करून घ्यावं, लिहून देऊ नये, म्हणजे पुढं कुठं अडकायला नको. घरचा हा वसा मी बरोबर सांभाळला. त्यामुळे ड्रम हलवायला मी सांगितलं होतं, हे कुठंही लिहिलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

ग्रामसेवकानं ड्रम विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत नेला. चारी बाजूंनी टिनाचे पत्रे, वर टिन, दार पश्चिमेला. आमच्या भागातला उन्हाळा तुम्ही पाहिलाय का? दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या टिनाला चैत्रातच हात लावता येत नाही, वैशाखात तर दाराची कडी काढायलाही सुखदेव खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळायचा. आणि ही पावडर उष्णतेनं फुटते. आपोआप, आतल्या आत. जितकी तापेल तितकी लवकर. क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो नुसता पांढरा चुरा.

आता तुम्ही विचाराल — ड्रम तिकडे जाताना तुम्हाला तुमचा धडा आठवला नाही का, सर?

आठवला. नसता आठवला तर किती बरं झालं असतं. पण आठवला. मनात म्हटलं, थोडी ताकद कमी होईल, होऊ दे, पावसाळ्याआधी नवी येईलच. असं म्हटलं आणि कपाटाला तेल-पाणी करत बसलो.

त्याच चैत्रात दहावीचे जादा तास सुरू होते. नववीची परीक्षा संपली की आम्ही सकाळच्या वेळी पुढचे धडे सुरू करतो. गोळ्यांचा तो प्रयोग त्याच आठवड्यातला. तास सुटला आणि सुखदेव शाळेत आला, जरा घाबरलेला. "सर, ड्रमचं झाकण उडालं ना! फट्‌कन. माह्या कानाजवळून गेलं." मला मौज वाटली. मी त्याला बसवून समजावलं, की पावडरीतून वायू सुटतो, बंद ड्रममध्ये तो साठतो, दाब वाढतो, आणि दाब वाढला की झाकण उडणारच. मग उपाय सांगितला — झाकण घट्ट लावू नको, ड्रमचं तोंड उघडंच ठेव. डॉक्टरनं सांगितलेली पथ्यं ऐकावीत तसा तो ऐकत होता. "बरं सर," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, वा, विज्ञान कसं लोकांच्या कामाला येतं.

अर्धंच सांगितलं होतं मी त्याला. एवढा वायू सुटतोय म्हणजेच पावडर भराभर फुटतेय, हे उरलेलं अर्धं. ती उन्हातून काढ आणि थंड जागी ने, हे खरं उत्तर. पण थंड जागा गावात कुठली होती? माझी खोली. ते वाक्य बोललो असतो तर ड्रम दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटाशेजारी परत आला असता. म्हणून दाब सांगितला आणि तापमान गिळलं. आणि उघड्या तोंडानं तर वाटोळंच झालं. बंद ड्रममध्ये निदान हवेतला ओलावा तरी शिरत नव्हता.

तो पुन्हा आला. मधे किती दिवस गेले ते नाही आठवत, पण तो दारात कसा उभा होता ते आठवतं. चप्पल बाहेर काढून. मी कितीदा सांगितलं तरी तो चप्पल बाहेरच काढायचा. म्हणाला, "सर, पावडरीले पयल्यासारखा वास नाई येऊन राह्यला. पयले झाकन काढलं का डोये भरून याचे. काहून असं?" त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो माहीत असलेल्या माणसाकडे आला होता. आणि माहीत असलेला माणूस म्हणाला, "उन्हाळ्यात वास कमीच येतो, सुखदेव. तू टाकत राहा."

असा कुठलाही नियम नाही! कुठल्याही पुस्तकात नाही. मी तो तिथल्या तिथं, खुर्चीवर बसून बनवला.

शाळेला सुट्ट्या लागल्या. मी यवतमाळला कूलरसमोर आंबे खात होतो, तेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला — गावात हगवण-ओकारीची साथ आहे, माणसं ठेवायला शाळेच्या खोल्या उघडाव्या लागतील, तुमच्या खोलीच्या किल्ल्या घेऊन या. मी गेलो. वर्गावर्गांत बाया-माणसं सतरंज्यांवर पडलेली. सगळ्यात थंड खोली म्हणून माझ्या प्रयोगशाळेत सगळ्यात वाईट अवस्थेतली माणसं ठेवली. सलाईनच्या बाटल्या टांगायला काही नव्हतं, तेव्हा नर्सबाईंनी त्या माझ्या कपाटाच्या दाराला टांगल्या. ज्या बिजागऱ्यांना मी तेल घालत होतो, त्याच दाराला.

त्या दाराखाली तुळसाबाई होती. शाळेच्या फाटकापाशी बोरं विकायची, पोरांना उधार द्यायची आणि उधारी विसरायची. माझ्यासाठी गोड बोरं पदराच्या गाठीत वेगळी ठेवायची. तिला राळेगावला हलवलं, तिथून यवतमाळला. यवतमाळला पोचेपर्यंत ती गेली. बाकीचे सगळे वाचले.

तिला गाडीत घालत होते तेव्हा मी विहिरीकडे गेलो. कशाला गेलो? सांगतो. खात्री करायला. टिनाच्या खोलीत शिरलो तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. ड्रमचं तोंड उघडं, मी सांगितलं होतं तसंच. हात घातला. पावडर ओल्या पिठासारखी गोळे गोळे झालेली. मूठभर नाकाजवळ नेली — काही नाही. डोळ्यांत पाणी नाही, नाकाला झोंबणं नाही. मेलेली पावडर. कदाचित चैत्र संपायच्या आतच मेलेली. आणि तो बिचारा रोज पहाटे उठून मापानं काय टाकत होता त्या टाकीत? चुरा.

हात पँटला पुसले आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यानं नवी पोती आणली आणि जुना माल न तपासताच खड्ड्यात पुरला.

मग ग्रामसभा झाली. पंचायतीसमोर, सकाळी, मंडप घालून. मी जाणार नव्हतो, पण मुख्याध्यापक म्हणाले, शाळेचं कुणी तरी हवं. सरपंच बाई होत्या, त्या खुर्चीवर बसल्या आणि बोलत होते त्यांचे मालक, नेहमीप्रमाणे. ग्रामसेवकानं सांगितलं की पावडर वेळेवर आणली होती, भरपूर होती. मग साथ का आली? सगळ्यांच्या माना वळल्या. सुखदेव खाली, बौद्धपुऱ्यातल्या माणसांत बसला होता. त्याला उभं केलं. तो म्हणाला, मी रोज टाकली. मागून कुणी ओरडलं, "ड्रम तं उघडाच राह्यते ह्याचा! मी सोता पाह्यलं!" आणि दुसरा कुणी — नाव माहीत आहे मला, माझाच विद्यार्थी — म्हणाला, "ह्या लोकायले असे कामं द्याचेच कायले?"

त्या वाक्यावर मंडपातला एकही माणूस बोलला नाही. मीही नाही.

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. तो वाट बघत होता. ड्रम उघडा ठेवायला कुणी सांगितलं ते त्याला माहीत होतं, पण सरांचं नाव चारचौघांत आपण कसं घ्यायचं? सर स्वतःच बोलतील. तो थांबला. मी चपलेचा अंगठा बघत बसलो. तो अजून थांबला. एवढ्या लोकांसमोर आरोपी म्हणून उभा असलेला माणूस माझी अब्रू सांभाळत होता, कळतंय का तुम्हाला?

तेवढ्यात सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "सर, तुमी सायन्सचे हा. सांगा बरं, पावडर अशी ठेवून खराब होते काय?"

आता मला तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी आदल्या दिवशी घरी येऊन काही सुचवलं नव्हतं. तो माणूस खरंच विचारत होता. मी "होते" म्हणालो असतो, तर माझं काय झालं असतं? नोकरी गेली असती? नाही. लोक म्हणाले असते, मग सरांनी ड्रम हलवायला कशाला लावला. दोन दिवस चर्चा झाली असती. कुणी तोंडावर बोललं असतं. एवढंच! एवढ्यासाठी —

मी म्हणालो, "पावडर आहे ती. दूध थोडंच आहे नासायला?"

लोक हसले. साथीच्या त्या आठवड्यात गाव पहिल्यांदा हसलं असेल, ते माझ्या विनोदावर.

मागं बायकांमध्ये प्रज्ञा उभी राहिली. नववी झालेली पोरगी, ग्रामसभेत उभं राहून बोलायची तिथं रीत नव्हती. "सर, तुमीच शिकवलं ना? तापमान वाढलं का अभिक्रिया लवकर होते. त्या टिनाखाली तं —" तिनं पुरं वाक्य जुळवून आणलं होतं. मी शिकवलेलं, माझ्याच शब्दांत, सभेत सगळ्यांच्या समोर. वीस-पंचवीस वर्षं शिकवून एखाद्याच मास्तराच्या नशिबी हे येतं, की शिकवलेलं कुणी असं खऱ्या जागी वापरावं. माझ्या नशिबी आलं. आणि मी काय म्हणालो?

"ते पुस्तकातलं झालं, बेटा. बस खाली."

ती बसली. लगेच बसली. सरांनी बस म्हटलं की बसायचं, हेही मीच शिकवलेलं.

मग तुळसाबाईचा मुलगा उठला आणि त्यानं सुखदेवच्या थोबाडीत मारली. त्याची आई गेली होती, त्याला काय बोलू? मारायला त्याला माणूस हवा होता, आणि मी त्याला चुकीचा माणूस पुरवला होता. सुखदेवचा दुपट्टा खाली पडला. त्यानं तो उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. अजूनही वाट बघत होता तो. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, माझी बस आहे.

सुखदेवचं काम गेलं. त्याच्या जागी सरपंचबाईंचा पुतण्या लागला. आणि नवी पोती कुठं ठेवली असतील, सांगा. मी ग्रामसेवकाला बाजूला घेऊन सांगितलं — पुन्हा तोंडीच — की पावडर शाळेत पूर्वीच्या जागी ठेवा, झाकण लावून, टिनाखाली बरं नाही. कपाट मी दुसऱ्या खोलीत हलवून घेतलं. इतकं सोपं होतं ते! दोन पोरांनी कपाट उचललं आणि शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणजे मला माहीत होतं, याला आणखी कुठला पुरावा हवा? गावाला त्यानंतर पाण्याचा त्रास झाला नाही. पुतण्या चांगलं काम करतो असं लोक म्हणायला लागले.

प्रज्ञा त्या वर्षी दहावीला वर्गात होती. पहिल्या बाकावर नाही, खिडकीपाशी मागं. मी शिकवायचो तेव्हा वहीकडे बघायची. सहामाहीला मी मुद्दाम तो प्रश्न टाळला होता, पण पूर्वपरीक्षेचे पेपर बाहेरून यायचे, त्यात तो आला. तापमानाचा अभिक्रियेच्या वेगावर होणारा परिणाम स्पष्ट करा. तिनं बरोबर उत्तर लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात, आणि शेवटी एक ओळ — असे पुस्तकात दिले आहे. मी तिला पूर्ण गुण दिले. दुसरं काय करणार होतो? दहावीनंतर ते कुटुंब गावातून गेलं. ती पुढे कला शाखेला गेली असं ऐकलं. विज्ञान नको म्हणाली म्हणे.

इथं संपलं असतं तरी मी कदाचित तुमच्याजवळ बोललो नसतो. भित्रा माणूस आहे, एकदा खोटं बोलला, अशी पुष्कळ माणसं असतात. पण याच्यानंतर वणीला जे झालं, ते मी केलं तेव्हा मला भीतीसुद्धा नव्हती.

काही वर्षांनी एका लग्नाला वणीला गेलो होतो. परतताना बसस्टँडवर मागून आवाज आला, "जयभीम, सर." वळून पाहिलं तर सुखदेव. राजूरला चुन्याच्या भट्टीवर कामाला होता. भुवया, कानाच्या पाळ्या, नखं, सगळं पांढरं. आधी ओळखूच आला नाही. त्यानं मला हाताला धरून टपरीवर नेलं, चहा पाजला, घरचं विचारलं, माझ्या मुलाचं विचारलं. मग कप हातात फिरवत म्हणाला —

"सर, एक सांगू का. तुमी म्हनले होते ना, पावडर खराब होत नाई. मी लई इचार केला त्याचा. ड्रमचं तोंड उघडं ठेवाले तुमी सांगतलं होतं, ते बराबरच होतं. मंग राह्यलं काय? माह्याच हातून माप कमी पडलं असन. पहाटी झोपंत असन मी. म्हातारी अजून दिसते मले. तिचे बोरं खाल्ले होते ना आमच्या पोरीनं."

तो हे ठरवून बसला होता. इतकी वर्षं रोज भट्टीसमोर उभा राहून त्यानं हिशेब लावला होता, आणि माझं एक वाक्य खरं धरल्यामुळे तो हिशेब प्रत्येक वेळी त्याच्यावरच येऊन थांबत होता. तो स्वतःशी म्हणत असणार — सरांनी सांगितलं म्हणजे खरं. मग खोटा कोण? मी.

तिथं कुणी नव्हतं. सभा नव्हती, सरपंच नव्हता, मंडप नव्हता. एक टपरीवाला होता, त्याचं लक्षही नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं — सुखदेव, तुझं माप बरोबर होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे सुखदेव. झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नको."

मी त्याला माफ केलं! माझ्या गुन्ह्याबद्दल, मी, त्याला!

त्याचे डोळे भरले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमी म्हनलं तं बरं वाटलं, सर." मी मान हलवली. मोठ्या मनाच्या माणसानं हलवावी तशी.

तेवढ्यात यवतमाळची गाडी लागली. लग्नसराईची गर्दी, दारात रेटारेटी. सुखदेव धावत पुढं गेला आणि उघड्या खिडकीतून आपला दुपट्टा आत टाकून त्यानं माझ्यासाठी जागा धरली. मी गर्दीतून आत गेलो, खिडकीतून त्याचा दुपट्टा त्याला परत दिला. सीटवर चुन्याची पांढरी भुकटी सांडली होती. मी ती हातानं झटकली, बसलो, आणि यवतमाळला आलो.